मीठ चारलेला आकडा

संगीता चिडली की बोलणं बंद करते. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि तिनं बोलणं बंद केलं.

बीडात खताच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. आम्ही कंपायलर बनवतो. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर. संगीता वर्षभर त्याचा वेग वाढवण्यासाठी खपली. आता बद्रीनाथ साहेब "दुप्पट! दुप्पट!" करत नाचत होते. हा आकडा गिऱ्हाइकाला पटला की संगीताची नोकरी पक्की होणार होती.

आकडा खोटा होता. कंपायलरच्या पोटात आम्ही तपासण्या ठेवतो, चुका सापडाव्यात म्हणून. त्यांच्यामुळं तो रखडतो. गिऱ्हाइकाला देताना त्या बंद करून बनवतो. साहेबांनी जुना कंपायलर तपासण्या चालू ठेवून बनवला, नवा बंद करून, आणि दोघांची शर्यत लावली. चुकून, म्हणे! असेल बाबा चुकून. पण संगीतानं दाखवून दिल्यावरही "राहू दे, छान दिसतंय" म्हणणं, याला आमच्याकडं लबाडी म्हणतात. माझं तर टाळकंच सरकलं.

रविवारी मी तिच्या घरी, पालीला गेले. तिचे वडील धुळाजी शेळ्या राखतात. तिनं त्यांना सगळं सांगितलं, तर ते हसले. "मग काय झालं? वडवणीच्या बाजारी न्यायच्या आदी आमी बी बोकडाला मीठ चारतोच की. त्यो घटाघटा पानी पितो, काट्यावर वजन भरतं. समदेच करत्यात."

"आबा, ह्यो बोकड मी वाढवलाय," संगीता कडाडली. "मला त्याचं वजन पायजे, पान्याचं न्हाई!"

धुळाजींचा चेहरा उतरला. मला त्यांची जराही कीव आली नाही.

गिऱ्हाईक आलं. साहेबांनी पडद्यावर दुपटीचा आकडा लावला, तशी संगीता उठली. "साहेब, तुमच्या हातात येईल तसेच दोन्ही बनवून दाखवते," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. दोन्हींच्या तपासण्या बंद, बाकी सेटिंगही सारखी, यंत्र एकच. पुन्हा पुन्हा चालवलं. दर वेळी फरक निघाला चार टक्क्यांचा.

"बस्स, चारच?" गिऱ्हाईक हसलं, चहा संपवून निघून गेलं.

"नोकरी नको झाली का तुला?" साहेब ओरडले. "कावून बोललीस मधी?"

संगीताचे डोळे भरले होते, रागानं. "लई घासलं तवा त्ये चार टक्के निघाले, साहेब. नुसते चार दाखवले असते, तर त्यानं माझी पाठ थोपटली असती. तुमी आदी दुप्पट म्हणून शंभर टक्के दाखवले, म्हणून त्यो हसला."