इस्त्री केलेला प्रवेशअर्ज

इस्त्री ही वस्तू फक्त कपड्यांसाठी असते, हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. तोपर्यंत आमच्या नेरूळच्या घरात तिनं सादळलेले पापड कुरकुरीत केले होते, ओले मोजे वाळवले होते आणि एकदा तर एका चपातीला पुन्हा गरम केलं होतं. (चपाती खाल्ली कोणी नाही, पण ती गरम झाली होती!) ‘असं केलं तर काय होईल?’ हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. त्यापायी मी आजवर एक मिक्सर, दोन घड्याळं आणि बायकोचा विश्वास उघडून बसलोय, आणि यातलं काहीही मला पुन्हा नीट जोडता आलेलं नाही.

तर आमच्या मुक्ताला बालवाडीत घालायचं होतं. शाळा आमच्या सोसायटीच्या मागेच. समोरच्या फ्लॅटमधली सानवी गेल्या वर्षीच तिथे लागली होती. मुक्ता रोज सकाळी रिकामं दप्तर पाठीला लावून सानवीला फाटकापर्यंत पोचवायला जायची. वॉचमननं फाटक लावलं की दोन्ही हातांनी गज धरून आत बघत उभी राहायची आणि परत येताना मला विचारायची, "बाबा, मला कधी आत घेणार?"

मंजिरीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, रांग लावून प्रवेशाचा अर्ज आणला. चार पानी, जाड, पांढराशुभ्र. वर ठळक सूचना: अर्ज स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात भरावा. टाइप केलेला चालणार नाही. खाडाखोड असलेला चालणार नाही. पांढरी शाई लावलेला चालणार नाही. एका मुलामागे एकच अर्ज मिळेल. आणि शेवटी, ‘पान तीन वडिलांनीच भरावे.’

"वडिलांनीच का?" मी विचारलं.

"कारण बाकी सगळं आया भरतात हे त्यांना माहितीये," मंजिरी म्हणाली.

आता माझं अक्षर. महाप्याच्या ऑफिसात मी दिवसभर की-बोर्ड बडवतो. हातात पेन येतं ते फक्त कुरिअरवाल्यापुढे. गेल्या वर्षी मी भाजीची यादी लिहून आईला दिली, तर ती म्हणाली, "हा नकाशा कुठला रे?" असा माणूस खाडाखोड न करता एक अख्खं पान भरणार! मी घाबरून सेक्टरमधल्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराला अडचण सांगितली.

"टेन्शन कशाला घेता, साहेब?" त्यानं काउंटरवर एक निळं पेन ठेवलं. "हे बघा. लिवायचं. चुकलं, की मागच्या रबरानं घासायचं. साफ! डाग पन नाय राहत. शाळेतली सगळी पोरं हेच नेतात."

त्यानं लिहून, घासून दाखवलं. शाई खरोखर गायब! मी दुकानातच त्याच्या बिलबुकावर लिहून-घासून बघत इतका वेळ उभा राहिलो, की शेवटी त्यानं "पेन घरी पन चालतं, साहेब," असं सांगून मला वाटेला लावलं.

त्या पेनानं घात केला. खोडता येतंय म्हटल्यावर घरात प्रत्येकाला मत फुटलं. पान तीनवर पहिला प्रश्न होता, ‘मुलीची विशेष आवड?’ मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘चिखल.’

"अरे, काय लिहितोयस!" मंजिरी ओरडली.

"खरं आहे ते."

"खरं असलं म्हणून काय लिहायचं असतं का? खोड ते!"

मी खोडलं आणि लिहिलं, ‘निसर्गनिरीक्षण.’ पुढचा प्रश्न, ‘हीच शाळा का निवडली?’ मी लिहिलं, ‘घराच्या मागे आहे.’ खोडलं. ‘मूल्याधिष्ठित शिक्षणासाठी.’ मग ‘घरात शिस्त कोण लावते?’ इथे मी लिहिलं, ‘माझी आई. सगळ्यांना.’ आई चष्मा लावून मागे उभीच होती. तिला ते आवडलं होतं, पण मंजिरीला नाही. ते खोडून ‘आई-वडील परस्पर संवादातून’ आलं. आई "संवाद म्हणे!" असं पुटपुटत आत गेली.

शेवटचा प्रश्न होता, ‘वडील मुलीला किती वेळ देतात?’ मी पटकन लिहून टाकलं, ‘मी येतो तेव्हा ती झोपलेली असते.’ मग मंजिरी हळूच म्हणाली, "खोड." मी खोडलं. वर लिहिलं, ‘दररोज सायंकाळी गोष्टी व खेळ.’ पान सुरेख दिसत होतं. आमच्या घरात इतका आदर्श बाप राहतो, हे वाचून मलाच त्याला भेटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बारापर्यंत अर्ज नेऊन द्यायचा होता आणि मुलीलाही बरोबर न्यायचं होतं. सकाळी बघतो तर मुक्ता सोफ्यावर बसलेली आणि तिच्याखाली अर्ज! "मी शाळेवर बसलेय," ती म्हणाली. अर्जाला मधोमध चुण्या पडल्या होत्या.

"गादीखाली ठेव थोडा वेळ, सरळ होईल," आई म्हणाली. "आमच्या चिपळूणला सगळे कागद गादीखालीच सरळ व्हायचे."

पण गादीला वेळ लागतो आणि माझ्या शर्टासाठी इस्त्री तापलेलीच होती. मी पान तीनवर अलगद एक हात फिरवला. चुणी गेली. आणि चुणीबरोबर ‘निसर्गनिरीक्षण’ही गेलं!

इथे कुठल्याही शहाण्या माणसानं इस्त्री उचलली असती. मी मात्र वाकून बघितलं. कागद जळला नव्हता, डाग नव्हता, नुसतं कोरं करकरीत. असं कसं झालं? शाई कागदात शिरली की इस्त्रीला चिकटली? मी इस्त्री उलटी करून पाहिली. स्वच्छ! मग पहिल्यांदा चुकून झालं असेल अशी शंका आली, म्हणून खात्री करायला दुसऱ्या ओळीवर फिरवली. तीही गेली. मग तिसरी मुद्दाम हळू फिरवून पाहिली, कारण वेगाचा काही संबंध आहे का ते कळायला हवं ना! माझी शंका पूर्ण फिटली तेव्हा पान पूर्ण कोरं झालं होतं.

"मंजिरी," मी हाक मारली, "एक गंमत बघ."

मंजिरीला गंमत वाटली नाही. ती मटकन खाली बसली. मुक्ता दप्तर लावून दारात उभी होती. "निघायचं?" तिनं विचारलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की एका मुलामागे एकच अर्ज असतो आणि तो मी नुकताच धुऊन काढलाय.

मंजिरीनं रडवेल्या चेहऱ्यानं मोबाइलमध्ये शोधायला सुरुवात केली आणि एकदम ओरडली, "थंडीत परत येते! ही शाई उष्णतेनं जाते आणि गारठली की परत येते!"

आम्ही अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला. एका बाजूला मटार, दुसऱ्या बाजूला आईची कोळंबी. आता गप्प बसायचं की नाही? पण अक्षर नेमकं कसं परत येतं, आधी काना येतो की आधी मात्रा, हे बघायची संधी पुन्हा कधी मिळणार? मी सारखा दार उघडून डोकावत होतो.

"अंडी उबवायला ठेवलीयत का?" आई कडाडली. "दार लाव मेल्या! कोळंबी सुटेल माझी!"

साडेअकराला पिशवी बाहेर काढली. अक्षरं आली होती. खरंच आली होती! मंजिरीनं मला मिठी मारली. मग तिनं पान नीट पाहिलं आणि मिठी काढून घेतली.

सगळीच अक्षरं आली होती. लिहिलेली आली होती आणि खोडलेलीही आली होती. निसर्गनिरीक्षणातून चिखल वर आला होता. मूल्याधिष्ठित शिक्षण घराच्या मागे जाऊन बसलं होतं. परस्पर संवादाच्या बोकांडी माझी आई बसली होती! ("बघ, खरं लपत नाही," आईनं समाधानानं सांगितलं.) घासायला आता वेळही नव्हता आणि हिंमतही नव्हती. वाटेत उन्हानं उरलंसुरलं जाऊ नये म्हणून आम्ही अर्ज बर्फाच्या पाकिटांसकट डब्याच्या पिशवीत घातला आणि निघालो.

मुख्याध्यापिकाबाई पांढऱ्या केसांच्या, शांत. मी थंडगार अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आधी वास घेतला.

"कोळंबी?"

"हो बाई. म्हणजे, नाही. म्हणजे, शेजारी होती."

त्यांनी पान तीन उघडलं, खिडकीकडे धरलं, चष्मा पुसला, पुन्हा धरलं. मुक्ता माझं बोट घट्ट धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मी देवाचं नाव घेत होतो.

"खालचं कोणी लिहिलंय?"

"मी."

"आणि वरचं?"

"तेही मीच."

"मग खरं कुठलं?"

मंजिरीनं माझ्याकडे बघितलं. थापा मारायला आता जागाच शिल्लक नव्हती. "खालचं," मी म्हणालो. आणि मग इस्त्रीपासून कोळंबीपर्यंत सगळं सांगून टाकलं. बाईंनी शेवटचा प्रश्न पुन्हा वाचला आणि मुक्ताकडे वळल्या.

"बाबा घरी येतात तेव्हा तू झोपलेली असतेस?"

"नाही," मुक्ता म्हणाली. "मी डोळे मिटून असते. बाबा येऊन पांघरूण घालतो. मग झोपते."

मला हे माहीतच नव्हतं. मी बाहीनं डोळे पुसले. बाईंनी पेन उचललं.

"मुलीला घेतलं," त्या म्हणाल्या. मंजिरीनं पदर नसल्यामुळे डोळ्यांना ओढणी लावली. "पण हा कागद मला फायलीला लावता येणार नाही. ही कचेरीतली राखीव प्रत. बॉलपेन घ्या, त्या वर्गात बसा आणि भरा. फक्त खालचं लिहायचं. आणि घरी न्यायचं नाही!"

वर्ग बालवाडीचा, बाक बालवाडीचे. मी कसाबसा एका बाकात शिरलो, गुडघे हनुवटीला लागले. भिंतीवरचं हसरं गाजर माझ्याकडे बघत होतं. डोळे अजून ओले होते.

मुक्ता आत आली. तिनं आपलं दप्तर माझ्या बाकाला लावलं, पाण्याची बाटली समोर ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडायचं नाही हं बाबा," ती म्हणाली. "मी फाटकाशीच उभी आहे. सुटलास की घरी नेते."