खड्ड्याची खिडकी

‘‘हा काळा चौकोन कसला?’’ भाटिया सरांनी विचारलं.

सॅम्पल रूमच्या मोठ्या टेबलावर ती छोटी गोधडी पसरली होती. दीड हात लांब, तेवढीच रुंद. कडेची पट्टी, जिला आम्ही बाइंडिंग म्हणतो, ती नुकतीच लागली होती. टेबलाच्या एका बाजूला आमचे मर्चंडायझिंग मॅनेजर भाटिया सर, दुसऱ्या बाजूला मी आणि माझी ऑपरेटर कुंदा.

‘‘खड्डा आहे जी,’’ कुंदा म्हणाली.

‘‘खड्डा? थीम घर आहे. घरात खड्डा कोण ठेवतो?’’

‘‘आमच्या घरी होता.’’

भाटिया सरांनी माझ्याकडे बघितलं. हिला समजवा, अशा अर्थाने.

आधी कामाचं सांगते. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी सॅम्पलिंग इन्चार्ज होते. चादरी, अभ्रे, क्विल्ट, सगळा एक्स्पोर्टचा माल. परदेशातला बायर ऑर्डर देण्याआधी एक नमुना मागतो, ते सॅम्पल. ते पसंत पडलं की तसेच ढिगांनी नग खाली प्रॉडक्शन फ्लोअरवर शिवले जातात. सॅम्पल शिवणाऱ्याचं नाव कुठेही लागत नाही. त्याबद्दल आमच्यात कोणी तक्रारही करत नसे. तो धंद्याचा रिवाजच आहे.

म्हणून त्या ‘क्रिएटिव्ह सूइंग चॅलेंज’चं नवल वाटलं होतं. आमच्या सगळ्यात मोठ्या बायरने आपल्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी ते काढलं होतं. विषय, ‘घर’. भिंतीवर लावायची छोटी क्विल्ट. कामगाराने स्वतः डिझाइन केलेली, कटिंगच्या उरलेल्या चिंध्यांतून, आणि त्यात निदान एक तुकडा त्याच्या स्वतःच्या घरचा हवा. निवडलेल्या क्विल्ट शिवणाऱ्याच्या नावासकट बायरच्या दुकानात लागणार होत्या.

क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच. वर जोडकाम, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर आणि तिन्ही थर धरून ठेवणारे टाके. कुंदा तिला वाकय म्हणायची. ती उमरेडहून एसटीने यायची. हात अतिशय साफ. तिचं घराणं विणकरांचं. वडील जन्मभर हातमागावर लुगडी विणत होते. माग विकला त्याला बरीच वर्षं झाली होती.

मी कुंदाला विचारलं तेव्हा ती आधी नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी येताना पिशवीतून कापडाचा एक तुकडा घेऊन आली. काळसर लाल कापड आणि एका बाजूला तांबडा करवती काठ. करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, म्हणून करवती. मागावरून उतरलेल्या शेवटच्या लुगड्याचा तो उरलेला तुकडा होता. लुगडं विकलं गेलं. तुकडा वडिलांनी पेटीत ठेवला होता.

‘‘बाबांनी दिला?’’ मी विचारलं.

‘‘आधी नाही म्हणे. मग मीच म्हटलं, दुकानात लागते, आपलं नाव लागते. तर म्हणे, ने. पण वापस आणजो म्हणे.’’

मी भाटिया सरांना तिच्यासमोर विचारलं. परत येईल ना? ते म्हणाले, ‘‘येईल ना. ते ठेवून काय करतील?’’

मग आम्ही कामाला लागलो. कुंदाने जे घर काढलं ते बाहेरून दिसणारं नव्हतं. दार नाही, छप्पर नाही. आतली खोली. वर हिरव्या रंगाची भिंत, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि जमिनीत मागाचा खड्डा. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडून खालच्या फळ्या दाबतो. कुंदा लहानपणी त्याच काठावर बापाला टेकून बसायची. तिचा अभ्यास तिथे, जेवण तिथे. माग गेल्यावर भावाने खड्डा बुजवून त्यावर टाइल्स बसवल्या. गोधडीत तिने तो खड्डा बापाच्या कापडाचा केला. करवती काठ बरोबर तिथे, जिथे बाप बसायचा.

जमिनीसाठी आम्ही मातकट रंगाच्या चिंध्या शोधल्या. सारवणात हाताची बोटं उमटतात, तसे अर्धगोल टाके तिने जमिनीवर घातले. मी फक्त मापं धरली आणि कापड रंग सोडतं का ते पाण्यात घालून तपासलं. जुनं हातमागाचं कापड धुतल्यावर शेजारच्या कापडाला डाग पाडतं. या तुकड्याने रंग सोडला नाही. कुंदाला त्याचं काही नवल वाटलं नाही. ‘‘बाबाचं रंगकाम आहे,’’ एवढंच म्हणाली.

आणि आता भाटिया सर विचारत होते, घरात खड्डा कोण ठेवतो?

मी त्यांना मागाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांना बायर माहीत होता.

‘‘मॅडम, तिकडच्या माणसाला माग काय समजणार? त्याला काळं भोक दिसणार. निगेटिव्ह वाटते.’’

‘‘सोबत दोन ओळी लिहून पाठवू.’’

‘‘कोण वाचते?’’ ते म्हणाले. मग त्यांनी गोधडी उचलली, आडवी धरली आणि उलटी केली. जमीन वर गेली, हिरवी भिंत खाली आली.

‘‘झालं. आता बघा. खिडकी. खाली शेत. वर मातीची भिंत. एकदम गावातलं घर. काहीच बदलायचं नाही, फक्त टांगायची बाजू बदला.’’

खरंच खिडकी दिसत होती. खड्ड्याचा काठ आता खिडकीचा कट्टा झाला होता. मी म्हटलं, ‘‘सर, हे तिचं घर आहे. उलटं कसं टांगायचं?’’

‘‘मग दुसऱ्या कोणाची पाठवतो. पडद्यावाल्या सेक्शनची तयार आहे. झोपडी आहे, सूर्य आहे.’’

‘‘राहू द्या मॅडम,’’ कुंदा म्हणाली. ‘‘मी बाबाले सांगून बसली. आता नाही म्हटलं तर ते काय समजतीन?’’

भिंतीवर टांगायच्या क्विल्टला पाठीमागे वरच्या कडेला कापडाची एक नळी शिवतात. तिच्यातून काठी जाते. कुंदाने ती नळी उसवली आणि खालच्या कडेला शिवली. तेवढं काम तिने माझ्याकडे पाठ करून केलं. भाटिया सरांनी इंग्रजीत मजकूर लिहिला. माझ्या घराची खिडकी, तिच्यातून मला माझं शेत दिसतं. कुंदाकडे शेत नव्हतं. कधीच नव्हतं.

क्विल्ट निवडली गेली. मॅनेजमेंटने फ्लोअरवर टाळ्या वाजवल्या, कुंदाला गुच्छ दिला. बायरच्या वेबसाइटवर फोटो आला. खाली आमच्या कारखान्याचं नाव होतं. कुंदाचं नव्हतं. मी विचारलं तर भाटिया सर म्हणाले, ‘‘दुकानात लावतील तेव्हा टाकतील.’’ उमरेडला मात्र तिच्या वडिलांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. आपलं कापड परदेशी गेलं म्हणून.

पुढच्या सीझनला नवीन ऑर्डर आली. कुशन कव्हर. माझ्याकडे आर्टवर्क आलं आणि मी ते टेबलावर उघडलं. कुंदाची गोधडी होती. तिचा फोटो काढून कॉम्प्युटरवर साफ केला होता. टाके, जोड, सगळं छापील. पॉलिस्टरवर छापायचं, म्हणजे शिवायला काही उरत नाही, चारी बाजू जोडायच्या आणि चेन लावायची. करवती काठाचे दात बायरच्या डिझायनरने जरा मोठे केले होते. आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक निळा पक्षी बसवला होता.

मी भाटिया सरांकडे गेले. ‘‘हे तिला विचारून केलं का?’’

‘‘मॅडम, स्पर्धेला दिलं म्हणजे त्यांचं झालं. रूल असतो. आणि आपल्यालाच ऑर्डर मिळाली ना? दुसऱ्याला नाही दिली.’’

‘‘निदान मूळ क्विल्ट परत मागा.’’

‘‘ती त्यांच्या हेड ऑफिसच्या रिसेप्शनला लावलीय. कशी मागू? ऑनर आहे.’’

मी दोन मेल पाठवायला लावले. एकाचं उत्तर आलं. त्यात आमच्या टीमचे आभार मानले होते.

ऑर्डर मोठी होती. सॅम्पल रूममधल्या ऑपरेटरांनाही खाली लाइनवर पाठवलं. कुंदाला चेनवर बसवलं. मी सांगून बघितलं की हिला दुसरं काम द्या. फ्लोअर इन्चार्ज म्हणाला, चेन लावायला तिच्याइतका साफ हात कोणाचा आहे? हे तो कौतुकाने म्हणाला. कुंदा चेन लावत राहिली.

नंतर एकदा तिचा फोन आला. ‘‘मॅडम, रविवारी घरी येता का? बाबा तुम्हाले विचारून राहिले.’’

मी महाल भागातल्या माझ्या घरून निघून एसटी पकडली आणि उमरेडला गेले. घरात वडील होतेच, शिवाय गल्लीतले दोघे म्हातारे बसले होते. तिघेही जुने विणकर. धुतलेले कपडे घालून बसले होते. वडिलांच्या मांडीवर ते कुशन कव्हर होतं. शेजारच्या घरातली मुलगी आमच्याच फ्लोअरवर कामाला होती. डाग पडून बाद झालेला नग तिने घरी आणला होता आणि तो यांच्या हाती लागला होता. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण काठ ओळखू आला होता.

‘‘या बाई,’’ ते म्हणाले. ‘‘माहा काठ आहे ना हा?’’

‘‘हो जी. तुमचाच.’’

ते शेजाऱ्यांकडे बघून हसले. मग म्हणाले, ‘‘मंग हे काम कोणत्या विणकर सोसायटीले दिलं? लय माल निघून राहिला म्हणते शेजारची पोरगी. तर आमाले काहून नाही विचारलं? आमी तिघं आहो. माग नसंन तर उभा करता येते.’’

मी कुंदाकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

‘‘हे विणलेलं नाही, काका,’’ मी म्हटलं. ‘‘छापलेलं आहे.’’

‘‘कापड विणलंच असंन ना कोणी?’’

‘‘यंत्रावरचं आहे. बाहेरून छापूनच येतं. काठसुद्धा छापलेला आहे.’’

एका म्हाताऱ्याने कव्हर हातात घेतलं, काठावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं. दोघेही चहा न घेता उठले. वडील लेकीला म्हणाले, ‘‘तुले मालूम होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मंग काहून नाही सांगितलं वं?’’

‘‘मी रोज त्यालेच चेन लावून राहिली होती, बाबा. काय सांगू?’’

निघताना ते मला फक्त म्हणाले, ‘‘तो तुकडा तेवढा मागा, बाई. बाकी आमाले काही नाही पाहिजे.’’

मी हो म्हटलं. परत मेल पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. तोवर भाटिया सर दुसऱ्या कंपनीत गेले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या मुलीला चॅलेंज वगैरे काही माहीत नव्हतं. कव्हरची ऑर्डर दुसऱ्या सीझनलाही रिपीट झाली. कुंदाने स्वतःहून बेडशीट सेक्शन मागून घेतला. तिथे पांढऱ्या चादरींना सरळ शिलाई मारायची असते. सॅम्पल रूममध्ये ती पुन्हा आली नाही. माझ्या निरोप समारंभालाही नाही. त्याचं वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

मी आता रिटायर आहे. ओळखीच्या बायका, शिवणाच्या क्लासच्या मुली विचारायला येतात. अमुक कॉम्पिटिशन आहे, थीम अशी आहे, काय करू? रंगसंगती सांगते, टाके दाखवते. कोणी आईची साडी, आजीचं लुगडं घेऊन आली तर ते घडी करून परत पिशवीत ठेवायला लावते. स्पर्धेला लागणारं कापड दुकानातून आणावं. इतवारीच्या बाजारात हवं तेवढं मिळतं.