ड्रमवाला थांबला

शाळेपासून आम्ही दोघं ज्या परदेशी रॉक बँडची लांबलचक गाणी ऐकत आलो, त्याचा नवा अल्बम कितीतरी वर्षांनी आला. नंदुरबारात माझ्या मित्राचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे आम्ही तो ऐकला. एका गाण्यात वरच्या सुरात गायकाचा आवाज फाटत होता. म्हाताऱ्यांनी आता घरी बसावं, असं चाहते नेटवर लिहीत होते. मित्रालाही ते पटलं. "आवाज गया. आते बस," तो अहिराणीत म्हणाला.

मी चिडलो. "धरणात बुडालेल्या मणिबेली गावची आजी आंदोलनाच्या सभेत गाते, तिचाही आवाज फाटतो. तिला कधी खाली बसवलं आपण?"

"आजी काय तिकीट लावस का, भो? तू सगळानंच पत्रक करस."

आंदोलनाची पत्रकं वाचतच मी वाढलो होतो. ते गाणं एकदा परत लाव, एवढंच म्हणालो.

या वेळी ऐकू आलं. गायकाचा दम सरतो तिथे ड्रमवाला ठोका किंचित लांबवतो, आणि गायक पोचल्यावरच पुढे निघतो. सभेत आजीमागच्या बायाही ओळ अशीच धरून ठेवतात.

"त्यानासाठे थांबना तो," मित्र म्हणाला, आणि त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.