तोंडावर सांगणारे परसूमामा

रामनगरच्या बाजारामागे परसूमामांची बिस्किटांची भट्टी होती. मैदा, साखर, तूप आपण घरून न्यायचं आणि नानकटाई भाजून आणायची, अशी आमच्याकडची रीत. मामा आधी डब्यातलं तूप बोटावर घेऊन मनगटावर चोळायचे. चटकन विरघळलं तर घरचं. चिकटून राहिलं, तर समोर कोण आहे हे न बघता बोलून मोकळे.

"मास्तर, ह्यात वनस्पती हाय. बिस्कीट दिसाय झ्याक हुईल, पर टाळूला मेण बसंल. चालंल?" मास्तरांच्या मागे दहाजण उभे असले तरी मामांचा आवाज उतरायचा नाही. कुणी खोबरेल आणलं तर म्हणायचे, "करतो की. पर पावण्यांस्नी तूप म्हणून दिऊ नगासा." माणसं चिडायची आणि पुढच्या सणाला पुन्हा तिथेच यायची. मला तर त्यांचा हा फटकळपणा फार आवडायचा.

आई गेली तेव्हा तिनं कढवलेल्या तुपाची शेवटची बरणी गुंद गावातल्या तिच्या घरात राहिली होती, ती मी माझ्याकडे आणली. वास उडेल म्हणून मी वर्षभर तिचं फडकं सोडलं नाही. वर्षश्राद्धाला आम्ही भावंडं जमणार, तेव्हा त्या तुपाची नानकटाई करायची ठरवून ती मामांकडे नेली. त्यांनी भट्टीच्या पलीकडे नेऊन बरणी उघडली, तूप मनगटावर चोळलं, हुंगलं. माझ्याकडे बघितलं. "जावा अक्का, चारला या," एवढंच म्हणाले.

श्राद्धाच्या दिवशी पहिला घास घेताच धाकटा भाऊ म्हणाला, "आईचाच हात." मी हुंदके देऊन रडले. आईचं तूप मी डोळे मिटूनसुद्धा ओळखते, असं सगळ्यांना सांगत होते.

पुढच्या वर्षी विकतचं तूप घेऊन भट्टीवर गेले. चारचौघांत म्हटलं, "मामा, आईच्या तुपाची सर कशाला न्हाई."

मामांचे मळणारे हात थांबले. "अक्का, ते तूप खवट झालतं. बुरशी व्हती वर. पाकिटातलं वनस्पती घातलं मी."

"आणि आईचं?"

"वतलं मागं."

"सगळ्यांस्नी तोंडावर सांगतासा, मग मलाच का न्हाई?"

"तुमच्या तोंडाकडं बघून धीर झाला न्हाई."

दयाच केली त्यांनी, मला कळतं. पण खवट असलं तरी ते माझ्या आईचं होतं. टाकायचं की ठेवायचं, हे ठरवणारे ते कोण? अख्ख्या रामनगरला खरं झेपतं आणि मला एकटीला झेपणार नाही, हे त्यांनी परस्पर ठरवलं. मी तूप उचललं आणि परत भट्टीची पायरी चढले नाही.

गेल्या साली मामा गेले. परसूमामा कधी खोटं बोलले नाहीत, असं लोक म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. आईच्या तुपाची चव आठवायला जाते, आणि जिभेवर येतं ते पाकिटातलं वनस्पती.