आतल्या बाजूचं हँडल

"काय दिवस होते! दिवसभर दारं सताड उघडी. कोणीही यावं, कोणीही बसावं." आमच्या जुन्या वसाहतीबद्दल असं कोणी बोलू लागलं की माझं डोकं फिरतं. होते, तसेच होते ते दिवस. मलाही आठवतात. पण या कौतुक करणाऱ्यांपैकी एकाने तरी सांगावं, त्या सताड उघड्या दारात दिवसभर पदर सावरत कोण बसलेलं असायचं? आल्यागेल्याला पाणी कोण द्यायचं? हातातलं काम टाकून "या ना, बसा" कोण म्हणायचं? दार उघडं होतं ते पुरुषाच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. घरात एक बाई चोवीस तास हजर होती, म्हणून ते उघडं ठेवणं परवडत होतं.

हे रागाने लिहिते आहे खरी, पण लिहिते आहे त्या दारांच्या आठवणीनेच. आता आम्ही नाशिकमध्येच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथलं दार नुसतं सोडलं की आपोआप बंद होतं. शेजारी कोण राहतं ते मला पाटीवरून कळलं. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा वारले, तेही मला दूधवाल्याने सांगितलं. अशा वेळी मला आमची ती बौद्ध वसाहत आठवते. समोरासमोर घरांच्या दोन रांगा, मधे हातगाडी जाईल एवढी गल्ली, प्रत्येक घरापुढे एक ओटा आणि प्रत्येक घरात एकामागे एक दोन खोल्या. आमच्या मधल्या दाराला फळी नव्हती, पडदा होता. म्हणजे लावण्यासारखं दार एकच, पुढचं.

तेही दार धड नव्हतं. खोली लहान. दार आत उघडलं तर खाट अडायची, म्हणून आमच्याआधी राहणाऱ्यांनी ते बाहेर उघडेल असं बसवून घेतलं होतं. बिजागऱ्या सैल होऊन ते एका अंगाला उतरलं होतं. लावायचं तर आतून धरून, थोडं उचलून, जोर लावून ओढायला लागायचं. ओढायचं कशाला धरून? बिडाचं हँडल होतं ते मी शाळेत असतानाच तुटलं. त्याच्या जागी भोकातून सुतळीचा फास घातला होता. रात्री माझे वडील, अण्णा, चौकटीला पाय लावून सुतळी ओढायचे आणि आई झटकन कडी घालायची. दोन माणसांचं काम. कधी सुतळी तुटायची आणि अण्णा खाटेवर उताणे पडायचे. मग आम्ही सगळे हसायचो, अण्णाही हसायचे, आणि नवी सुतळी यायची. हँडल काही यायचं नाही. "दिवसा दार लावायचंय कुणाला?" हे अण्णांचं ठरलेलं उत्तर.

दिवसा दार लावायचं होतं वहिनीला.

वहिनी लासलगावकडची. नववीत होती तेव्हा घरच्यांनी कांद्याच्या काढणीला म्हणून शाळेतून काढली, ती काढलीच. लग्न होऊन आमच्याकडे आली. दादा मनमाडला रेल्वेत. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मी तेव्हा कॉलेजात, आणि कॉलेजपेक्षा संघटनेत जास्त. सायक्लोस्टाइल मशीनच्या शाईने माझी बोटं कायम काळी. 'मुलींना शिकू द्या' हे पत्रक मीच लिहिलं होतं, त्यात उद्गारचिन्हं ओळीओळीला होती. वहिनीने ते वाचलं आणि मला विचारलं, "ताई, हे आमच्यासाठी बी हाय का फक्त मुलींसाठी?"

मी लगेच तिला बाहेरून दहावीला बसवली. फॉर्म आणला, पुस्तकं आणली, दादाशी भांडले. दादा वाईट नव्हता, पण त्याने अट घातली, "या वर्षी झालं तर झालं. नाही झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही." वहिनीने मान डोलावली. अडचण एकट्या गणिताची होती. बाकी सगळं ती पाठ करून उडवेल, हे आम्हाला माहीत होतं.

आई एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायची आणि चारच्या सुमाराला परतायची. अण्णा कचेरीत. तेवढी दुपार वहिनीच्या हातात. पण हातात म्हणजे काय? पुस्तक उघडलं की कोणीतरी दारात. "कढीपत्ता आहे का गं?" "जरा हे पत्र वाचून दाखव." "झोपली नाहीस ना? मग बसते घटकाभर." घटकाभर म्हणजे चहा होईपर्यंत. रात्री पुस्तक घेतलं की दिवसभराच्या कामाने तिचे डोळे मिटायचे. दिवाळी उलटली, नाताळ आला, तरी गणिताचं पुस्तक पुढे सरकेना. मी तावातावाने आणखी दोन गाइडं घेऊन आले. वहिनीने ती कपाळाला लावली, फळीवर ठेवली आणि म्हणाली, "पुस्तकं लय झाली, ताई. मला दार लावता येईल असं कायतरी करा."

मी दुसऱ्याच दिवशी भद्रकालीत लोखंडी सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने माझ्या मागे पाहिलं, कोणी पुरुष येतोय का म्हणून.

"घरात कोणी माणूस नाही का, बेटा?"

"मी माणूसच आहे," मी म्हटलं. "जाड हँडल दाखवा. ओढायला."

"ओढायला की शोभेला?"

"शोभेचं असतं होय?"

तो हसला आणि त्याने खालच्या खोक्यातून एक काळं, मुठीत भरेल असं लोखंडी हँडल काढलं. ते दुकानाच्या फळीच्या कडेला अडकवून मी जोर करून पाहिला. फळी हलली. "दार तुमच्या घरचं ओढा, माझं दुकान नको," तो म्हणाला.

रविवारी दादा आणि अण्णा दोघंही घरी होते, तरी पेचकस मी घेतला. जुनी भोकं मोठी झाली होती. ती काडेपेटीच्या काड्या ठोकून बुजवली, स्क्रूला साबण चोळला. वहिनीला दारापुढे उभं केलं, "सहज हात कुठे जातो?" असं विचारलं आणि तिथे कोळशाची खूण केली. अण्णा खाटेवरून सूचना देत होते, "सरळ धर, सरळ." दादा म्हणाला, "आता ही मोर्चा आमच्याच घरावर आणणार." हँडल बसलं. वहिनीने दोन्ही हातांनी धरलं, दार उचललं, ओढलं, आणि एका हाताने कडी घातली. एकटीने. मग पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. नवी सायकल मिळालेल्या पोरासारखं तिचं चाललं होतं.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नाही, आणि आम्ही तिथेच लहानाचे मोठे झालो होतो! आमच्या गल्लीत भरदिवसा दार लागायचं ते दोनच कारणांनी. एक तर घरात कडाक्याचं भांडण, नाहीतर मयत. भांडण असेल तर आवाज येतो. दार बंद आणि आत आवाज नाही, याचा अर्थ सगळ्यांना पाठ होता.

सोमवारी दुपारी वहिनीने दार लावलं, कानात कापूस घातला आणि समीकरणं घेऊन मागच्या खोलीत बसली.

समोरच्या घरातल्या मावशींनी आधी हाक मारली. मग कडी वाजवली. उत्तर नाही. मावशींनी डोक्यावरून पदर घेतला. मग शेजारच्या दोघी आल्या, त्यांनीही पदर घेतला. कोण गेलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण पहाटेच दादा मनमाडला गेला होता आणि तो रेल्वेत होता, एवढं सगळ्यांना पुरलं. मी कॉलेजातून आले तेव्हा आमच्या ओट्यावर दहाबारा बाया गप्प बसल्या होत्या आणि मावशी घरून टोपलीत पिठलं-भाकरी घेऊन येत होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजार जेवण आणतो, तसं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुलाच माहीत नाय?" मावशी म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून रडायला लागल्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आई आली. तिने ओटा पाहिला, पदर पाहिले, बंद दार पाहिलं. हातातली पिशवी तिथेच सुटली. "माझं पोर..." एवढंच म्हणत ती धावत आली आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. तिचा तो आवाज मी आजही विसरू शकत नाही.

कापसातूनही तो आत पोचला असणार. कडी निघाली, दार उघडलं. वहिनी दारात उभी, हातात पेन्सिल, कपाळावर पेन्सिलीचीच रेघ. "काय झालं? कोण गेलं?" ती घाबरून आम्हालाच विचारू लागली.

सगळ्यांचे डोळे त्या पेन्सिलीवर गेले. मग शेजारची एक फिस्सकन हसली, आणि सगळा ओटा हसायला लागला. आई हसली नाही. ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "उद्यापासून हे दार लावायचं नाही. काढून टाक ते हँडल."

मी भाषण सुरू केलं. स्त्री, शिक्षण, हक्क, शेजाऱ्यांचा भोचकपणा, सगळं. आईने मला मधेच तोडलं. "तुझी पत्रकं बाहेर वाट. माझा जीव गेला होता आत्ता."

वहिनी मागे वळली. आत जाऊन तिने वही बंद केली. वही बंद केल्याचा आवाज मला माझ्या भाषणापेक्षा मोठा वाटला.

राहिला प्रश्न पिठल्याचा. धर्म बदलल्यापासून शकुन-अपशकुन आम्ही मानत नव्हतो. दर रविवारी विहारात तसं सांगितलं जायचं आणि आम्ही माना डोलवायचो. पण मयतासाठी रांधलेलं अन्न परत स्वतःच्या घरात न्यायला मावशी काही तयार नव्हत्या. "मी नाय नेत. तुमच्याकडे आणलंय, तुम्हीच खा."

"एवढं?"

"मग सगळे खाऊ."

आणि आम्ही सगळ्यांनी ओट्यावर बसून, कोणी मेलं नाही म्हणून, मयताचं पिठलं खाल्लं. झणझणीत होतं. खाताखाता मावशींनी वहिनीला विचारलं, "एवढं काय करत व्हतीस गं आत?"

"गणित."

"कशाला?"

"दहावीला बसलेय. येवढी एकच येळ हाय मला."

मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात फिरवला, आणि आईला म्हणाल्या, "मग लावू दे की दार. आपल्याला माहीत नव्हतं म्हणून घोटाळा झाला. आता माहीत झालं."

"आणि उद्या दुसरं कोणी येऊन रडत बसलं तर?"

"मी बसते ना हितं."

त्या खरंच बसल्या. रोज दुपारी सूप घेऊन आमच्या बंद दाराबाहेर ओट्यावर बसायच्या, डाळ निवडायच्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायच्या, "मेलं नाय कोणी. आकडे मांडतीय." पुढेपुढे पोस्टमनसुद्धा "आकडे चालू का?" असं विचारून पत्र मावशींच्या हातात द्यायचा. कढीपत्ता हवा असेल तर मावशी स्वतःच्या घरातला द्यायच्या. आईचा राग दोन आठवड्यांत ओसरला. ती चारला आली की दार न वाजवता आधी मावशींना विचारायची, "किती राहिलंय?" आणि बाहेरच पाय मोकळे करून बसायची.

उघड्या दारांचं कौतुक मला करायचंच असेल तर मी या बंद दाराचं करते.

वहिनी पास झाली. गणितात काठावर, पण काठाच्या अलीकडच्या बाजूला. दादाने पेढे आणले आणि अट घातली होती हे विसरल्याचं नाटक केलं. गल्लीभर पेढे वाटून झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार पुन्हा लागलं.

मावशी गोंधळल्या. त्या दिवशी आई लवकर आली होती, तिलाही कळेना. तिने हलकेच कडी वाजवली. "काय गं? बरं नाही का?"

आतून आवाज आला, "बरी हाय. काम नाय काही. बसलेय अशीच."

मावशी म्हणाल्या, "पास झाली ना? मग आता कशाला?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, तीन परिच्छेदांचं. पण आईने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने कडीवरचा हात काढला आणि म्हणाली, "बसू दे तिला."

आमचा स्टोव्ह आत, कपबश्या आत. म्हणून आम्ही तिघी समोर मावशींच्या घरी चहाला गेलो. त्यांच्या उंबऱ्यातून आमचं बंद दार थेट समोर दिसत होतं. आईने बसायला पाट घेतला, आणि दाराकडे पाठ येईल असा ठेवला.