स्वतःचं एक वाक्य

आमच्या मंद्रूपच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंइतकी हट्टी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात झाली नाही, हे मी गणिताचा शिक्षक पूर्ण जबाबदारीने सांगतो. दरवर्षी त्या नववीची पोरं एसटीत कोंबून शहरातल्या चित्रसंग्रहालयात नेत आणि सोबत मलाही ओढत. दारातच ताकीद असे, "'छान' आणि 'सुंदर' हे दोन शब्द चपलांसारखे बाहेर काढून ठेवा. आत जे दिसेल ते स्वतःच्या एका वाक्यात लिहायचं." एकदा एका पोरानं राजाच्या भल्यामोठ्या चित्राबद्दल लिहिलं, 'राजाला बूट चावतोय.' मी त्याचा कान धरणार, तोवर बाईंनी मला बाजूला सारलं, राजाचे पाय बराच वेळ न्याहाळले आणि "चावतोयच की हो!" म्हणत त्याला दहापैकी दहा दिले. वाक्य झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा दुसरा नियम. मी एकदा जिन्यात लपून शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, तर बाईंनी भर पोरांत मलाही वही दिली.

मुख्याध्यापकांना हे सगळे थेर वाटत. गेल्या वर्षी त्यांनी सहलीआधीच फळ्यावर उतारा लिहून दिला, 'संग्रहालयातील चित्रे अत्यंत नयनरम्य होती.' सगळ्यांनी हाच उतरवायचा. बाईंनी त्यांच्यासमोर फळा पुसला. मुख्याध्यापक भडकले, "एक जरी वही कोरी आली, तर ही सहल कायमची बंद!" बाई म्हणाल्या, "चालेल."

आणि नेमकी एक वही कोरी राहिली. मेंढपाळाच्या घरातली एक अबोल पोर, डोक्यावर घागर घेतलेल्या बाईच्या चित्रापुढे तासभर नुसती उभी. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. मला सहलीची काळजी आणि पोटात कावळे. "बाई, सांगून टाका तिला एक वाक्य," मी म्हणालो.

"तुम्ही गणिताचं उत्तर सांगून टाकता का?"

"टाकतो की!"

बाई हसल्या नाहीत. पदर खोचून त्या पोरीशेजारी फरशीवर बसल्या. "तुझं तू बघ. गाडी थांबेल."

बऱ्याच वेळानं पोर पुटपुटली, "बाई, घागर रिकामी हाय."

"कशावरून गं?"

"भरल्याली घिऊन कुनी आसं हासत थांबतंय व्हय? मान लई दुकती. मी रोज आनती की."

त्या चित्राच्या रंगांवर बाई दरवर्षी भरभरून बोलत आल्या होत्या. आता त्या उठून चित्राजवळ गेल्या आणि घागर निरखू लागल्या. शेवटी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला घागर दिसलीच नाही गं. लिही, अगदी असंच लिही."

मुख्याध्यापकांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि सहल बंद करण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन मोडनिंबला लेकीकडे राहायला गेल्या. यंदा पोरं घेऊन मी एकटाच गेलो. चित्रातलं मला अजूनही ओ की ठो कळत नाही. एका चित्रापुढे सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" कुणी बोलेना. उत्तर सांगून मोकळं व्हायची माझी जुनी खोड उसळून आली. ओठ घट्ट मिटून गप्प राहिलो. हे थांबणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं. बाईंची इतकी आठवण आली की चष्मा पुसावा लागला. तो परत डोळ्यांवर चढवला, तेव्हा मागच्या रांगेत कुणाचा तरी हात वर होत होता.