वर ओढलेला सूर

नवरात्राच्या आधीच्या रविवारी मी वडिलांना त्यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यानंतर ते गायले नाहीत. चैत्रात ते गेले.

त्या वर्षी मी जुन्या जालन्यात एका स्टुडिओत काम शिकत होते. स्टुडिओ म्हणजे कापडाच्या ठोक दुकानावरची एक खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दाराला दुहेरी गोधडी. त्याआधी मी एका वाचनालयात कामाला होते. दृष्टिहीन मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायचे होते, म्हणून या खोलीत पहिल्यांदा आले, आणि माझ्या वाचण्यापेक्षा काचेपलीकडच्या माणसाचं काम मला जास्त आवडलं. त्या माणसाला सगळे मास्टर म्हणत. दुकानांच्या जाहिराती, देवीची गाणी, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, जे येईल ते ते करत.

पहिला आठवडाभर त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. पंखा बंद करून डोळे मिटून बसायला लावलं.

"काय ऐकू येऊन राह्यलं?"

"काहीच नाही."

"खाली गजानं कापड मोजताहेत. ट्यूबलाइट गुणगुणतीये. आन् तुझ्या बांगड्या. काढ त्या. पहिले कान, मंग मशीन. जल्दी नको करू बेटा."

बांगड्या काढल्या. हळूहळू मी शिकत गेले. माइक तोंडापासून वीतभर, थोडा तिरका ठेवायचा, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. गाणाऱ्याने पाणी प्यायलं की दोन मिनिटं थांबायचं. मुळातल्या फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं. हे सगळं मी वहीत लिहून घेत असे. मास्टर हसायचे. म्हणायचे, आवाज वहीत मावत न्हाई.

माझे वडील पिंपळगाव रेणुकाईला राहत. शेती करत आणि नवरात्रात नऊ दिवस सकाळी देवळात देवीची पदं म्हणत. ते कुणाकडे शिकले नव्हते. त्यांच्या वडिलांचं ऐकून म्हणत. त्या वर्षी मला वाटलं, हे रेकॉर्ड करावं, पेटीची साथ भरावी आणि देवळाच्या भोंग्यावर चांगलं लागावं.

ते एसटीने आले. हेडफोन घालायला तयार होईनात.

"कान झाकून कोणी गातं का?"

"तात्या, विमान चालवायचंय असं समजा," मास्टर म्हणाले.

"विमानात गाऊ देत्यात का?"

शेवटी हेडफोनशिवायच ते उभे राहिले आणि सगळं पद एका दमात म्हणून मोकळे झाले. मास्टरांनी दुसऱ्यांदा म्हणायला सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "झालं. याला काही करू नको."

दुसऱ्या दिवशी मास्टर त्यांच्या मुलीकडे परभणीला गेले. पेटीवाले आले, त्यांनी साथ भरली. मी दोन्ही एकत्र लावून ऐकलं, तेव्हा एका जागी पेटी आणि वडिलांचा आवाज एकमेकांना घासत होते. ओळीच्या शेवटी ते 'आई' म्हणून हाक मारत, तिथे त्यांचा सूर पेटीच्या सुराच्या थोडा खाली होता. सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर मी नुकतंच शिकले होते. त्यात प्रत्येक सूर पडद्यावर पट्टीसारखा दिसतो आणि आडव्या रेषा असतात. वडिलांची पट्टी दोन रेषांच्या मध्ये पडलेली होती. प्रत्येक ओळीला, त्याच जागी. ती चूक असती तर कधी थोडी वर, कधी थोडी खाली पडली असती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी ऐकायचं सोडून बघत बसले होते. एकेक पट्टी उचलून मी रेषेवर ठेवली. घासणं थांबलं. मला फार बरं वाटलं.

मग मी आवराआवर केली. मला पसारा सहन होत नाही. डिस्क भरत आली होती, आणि न वापरलेल्या फाइली काढून टाकायच्या का, असं सॉफ्टवेअर विचारत होतं. मी हो म्हटलं. मूळ गाणं त्या फाइलींत होतं.

रविवारी देवळासमोर वडील आणि त्यांचे तीन-चार सोबती बसले होते. मी फोन छोट्या स्पीकरला जोडला.

"आयला, रेडिओवानी झालं की!" एक जण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "तात्या, आता तुम्ही उठूच नका सकाळी. पोरीनं मशीन बशीवली तुमच्या जागी."

सगळे हसले. मीही हसले. वडिलांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं.

"हे कोण गाऊन राह्यलं?" वडिलांनी मला विचारलं.

"तुम्हीच की, दादा."

"मी इथं खाली जातो. आईम्होरं वाकावं लागतं. ह्यो ताठ उभा हाय."

मी पेटीचं सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बराबर असंल. तू शिकलेली हायेस." त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

त्या नवरात्रात नऊही सकाळी भोंग्यावर रेकॉर्डिंग लागलं. लोकांनी मला शाबासकी दिली. वडील शेवटच्या रांगेत बसून ऐकत. मी दोनदा म्हटलं, पुन्हा रेकॉर्ड करू, पेटीशिवाय. ते म्हणाले, "आता झालंय ना ते. तेच लाव." पुढच्या वर्षी पोळ्यानंतर करू, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. पोळ्यापर्यंत ते राहिले नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर मी स्टुडिओत गेले आणि मास्टरांना सगळं सांगितलं. ते खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, "दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग असतात. त्यांचा सूर किती भाग खाली होता, सांग. परत नेऊन ठेवू."

मी सांगू लागले. वीस भाग खाली आणला, लावला. ते वडील नव्हते. तीस केला, पस्तीस केला, पुन्हा पंचवीस. गावातल्या लोकांनी फोनवर काढलेले जुने व्हिडिओ मागवले, पण त्यांत संबळ आणि गर्दी एवढंच ऐकू येतं. महिनाभर मी रोज दुपारी जात होते. आधी निदान एवढं कळायचं, की हा त्यांचा नाही. पुढे तेही कळेना. प्रत्येक वेळी लावलं, की मनातलं थोडं पुसलं जात होतं. एके दिवशी मास्टरांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "बस कर बेटा. आता तू त्यांना ऐकून नाही राह्यली."

मी परत वाचनालयात कामाला लागले. गाणं माझ्या फोनमध्ये आहे. डोळे मिटून वडिलांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, की मी दुरुस्त केलेलाच आवाज ऐकू येतो. दुसरा आठवत नाही.